कॉलर

फांदी खोडातून जिथे निघते
तिथे एक सुजलेली कडा असते, बघ.
शर्टाच्या गळ्यासारखी, घडी पडलेली.
बारकूमामा तिला कॉलर म्हणायचे.
करवत तिच्या बाहेरून चालवायची, अगदी लगत,
पण तिला धक्का न लावता.
शिकायचं एवढंच. बाकी सगळं दोरखंड आणि खांदे.

हे मी सुयोगला सांगत होतो
फाइव्ह गार्डनपाशी, शिडीच्या गाडीच्या टोपलीतून,
मे महिन्याच्या साडेदहाच्या उन्हात.
खालून एक बाई ओरडत होत्या, आमच्या गाडीवर पडेल हो!
वरून कावळीण ओरडत होती. तिचं बरोबर होतं.
ती फांदी आम्ही सोडली.
वहीत लिहिलं: घरटं. नंतर बघणे.

सुयोगला घाई. म्हणाला,
खोडाला घासूनच उडवू की, साफ दिसेल.

साफ दिसतं, खरंय.
हिंदू कॉलनीतला एक सोनमोहर मी असाच साफ केला होता
नोकरीच्या पहिल्या वर्षी. गुळगुळीत, दाढी केल्यासारखा.
चार पावसाळ्यांनी बुंध्यावर थाप मारली
तर ढोलासारखा वाजला.

मग जरा लांबून कापू?
नको. लांबून कापलं की खुंट राहतो.
खुंटाला पान फुटत नाही
आणि झाडाला तो गिळताही येत नाही.
त्याच्यावर अळंबी धरते.
वाळवीला तो दरवाजाच.

मी बोलत होतो
आणि डोळ्यांपुढे अनंता होता.

नायगावची खोली. आईचं तेरावंही व्हायचं होतं.
बिल्डरचा माणूस कागद घेऊन जिन्यात उभा,
आणि मी धाकट्या भावाची कॉलर धरली.
शाळेत निघताना जिचं वरचं बटण
मीच लावून द्यायचो, ती.
शेजारच्या तांडेलांनी सोडवलं.
बटण कुठे गेलं कुणालाच सापडलं नाही.

मग तोडलं.
तोडलं म्हणजे काय, खुंट ठेवला.
दिवाळीला फॉरवर्ड केलेली पणती.
कुणाच्या लग्नात लांबून हलवलेली मान.
त्याच्या पोरीचे बारावीचे मार्क तिसऱ्याच कुणाकडून कळले
आणि मी म्हटलं, बरं झालं,
जसं हवामानाबद्दल म्हणतात.
अकरा वर्षं.

पूर्वी आम्ही कापल्या जागी डांबर फासायचो.
काम झाल्यासारखं वाटायचं.
आता फासत नाही, खाली ओल धरते.
प्रशिक्षणाला एक मॅडम आल्या होत्या, त्या म्हणाल्या,
झाडाची जखम भरत नसते.
आत ते लाकूड तसंच राहतं, चीर तशीच राहते.
झाड फक्त कडेने ओठ वाढवतं,
वर्षाला बोटभर, कधी तेवढाही नाही,
आणि एखाद्या वर्षी ओठाला ओठ भिडतो.
पण कापणाऱ्याने कॉलर शिल्लक ठेवली असेल तरच.
मागच्या बाकावरचे दोघे झोपले होते.
मी लिहून घेतलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

थोडी बाहेर घे. अजून.
हां, इथे. आधी खालून चीर दे,
नाहीतर पडताना साल सोलत जाईल.

फांदी दोरावर झुलत खाली आली,
कुणाच्याच गाडीला न लागता.
कापलेल्या जागी ओलसर तांबूस वर्तुळ,
आणि भोवती ती कडा, शाबूत.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी नंबर लावला.
काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.
चौथ्या रिंगला तो म्हणाला, हं.
मी म्हटलं, फाइव्ह गार्डनला आलोय. महोगनीवर.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला,
जिच्या बियांच्या फिरक्या आपण गच्चीवरून सोडायचो, तीच ना?
पाडताय का तिला?

नाही रे, म्हटलं.
कापतोय फक्त.